खिळा न मारलेलं प्रकरण

स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली, फरशीवर गरगर फिरली आणि आवाज बारीक करत करत एकदाची थांबली. दुपारभर मी जपून ठेवलेली शांतता तिच्याबरोबर संपली. केतू उठली होती.

"आई, मी काही पाडलं नाही."

"मग वाटी आपली आपण पडली?"

"तिला शेवेच्या डब्याचा धक्का लागला."

डब्याला कुणाचा धक्का लागला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. मी शेवटच्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर होते. वाक्य निवडून ठेवलं होतं, त्यावर खिळा मारायचा तेवढा बाकी होता. मी 'नंतर' हे बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि शेव आवरायला उठले.

माझं काम लोकांना सांगणं अवघड जातं. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून पुस्तकांना खिळे मारते," आणि शेजारीण मला बुकबाइंडर समजून जुनी गीता शिवायला आणून देते. मीही दोनदा शिवून दिली. तेवढं सोपं होतं.

पाटी आता घरोघरी आहे. शाळेच्या वहीएवढी, मळकट पांढऱ्या पडद्याची, डोळ्यांना कागदासारखीच वाटणारी. पडद्याच्या वरच्या कडेला दोन काळे ठिपके असतात. आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात ते वाचणाऱ्याचे डोळे बघत राहतात. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही. तो उडी मारतो, टेकतो, परत उडी मारतो. अवघड शब्दावर जास्त वेळ टेकतो, न कळलेल्या वाक्याकडे मागे फिरतो. भीती वाटली की बाहुली मोठी होते. अंगठा जिथे टेकतो तिथे पाटी नाडी मोजते, आणि मूल मोठ्याने वाचत असेल तर आवाजातला कंपही ऐकते. एवढ्यावरून पाटीला मुलाच्या आधी कळतं, की हे आता पुस्तक मिटणार. मग ती पुढचं वाक्य बदलते. अवघड शब्द सोपा होतो, लांब वाक्याची दोन होतात. ज्या मुलांना पुस्तक दिसलं की पोटात दुखायचं, ती पाटीमुळे वाचायला लागली. हे मी स्वतः पाहिलंय आणि आज कितीही वाईट वाटत असलं तरी ते खोटं म्हणणार नाही.

पण आईबापांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणून पाटी बनवणाऱ्या कंपनीने 'ऊब' आणली. पालकांच्या फोनवर एक पट्टी असते, ती सरकवायची. ऊब जितकी जास्त, तितकी गोष्ट मऊ. भांडण मिटतं, हरवलेलं कुत्रं सापडतं, आजारी माणूस बरा होतो. म्हणजे नुसते शब्द नाहीत, घडणंही बदलतं. सगळंच बदलायला लागलं तर लेखकाचं काय उरलं, अशी ओरड झाली, त्यातून खिळे आले. ज्या वाक्यावर खिळा मारलाय त्याला पाटी हात लावू शकत नाही, मूल कितीही घाबरलं तरी. खिळा कुठे मारायचा हे माणूस ठरवतो. मराठीसाठी ते काम करणाऱ्या आम्ही बहुतेक घरात बसलेल्या बायका आहोत, बहुतेकींना लहान मुलं आहेत, आणि आमची सगळी कामं कुणाच्या तरी झोपेच्या भरवशावर चालतात.

केतूच्या पाटीवरची ऊब मी पूर्ण वर नेऊन ठेवली होती. गेल्या वर्षी माझी आई गेली, तेव्हा केतू अंथरुणात बसून विचारायची, "तू झोपलीस की श्वास घेतेस ना?" पट्टी तेव्हा सरकवली. थोड्या दिवसांनी खाली घेऊ म्हटलं होतं. मग ती तशीच राहिली. केतू आनंदात होती, आणि मला आणखी एक काम काढायचं नव्हतं.

*

जे पुस्तक मी खिळ्यांनी ठोकत होते, ते माझ्या वडिलांचं होतं. त्यांनी लिहिलेलं नव्हे. त्यांनी अर्धवट वाचलेलं.

नाना तासगावात वाढले. तिथल्या वाचनालयात 'खिंडीतले घुंगरू' नावाची एक जुनी कादंबरी होती. टपाल पायी नेणारा हरकारा, त्याच्या भाल्याला बांधलेले घुंगरू, घाटात पटकीची साथ, आणि एका पावसाळी रात्री औषधाची पेटी घेऊन निघालेला बाप. त्याचा मुलगा किसन्या खिंडीच्या तोंडाशी कंदील घेऊन बसलेला. घुंगरांचा आवाज येतो. "किसन्याने कंदील उंच धरला आणि" इथे पान संपायचं. पुढची पानं कुणीतरी कधीतरी गमावली होती. बांधणीचा दोरा तेवढा लोंबत होता.

त्या शेवटच्या पानाच्या समासात वाचकांनी पेन्सिलीने भांडण मांडलं होतं. नानांनी लिहिलं, "बाप येतो." पुढच्या आठवड्यात बघतात तर खाली, "कशावरून?" नानांनी लिहिलं, "घुंगरू वाजले म्हणून." खाली उत्तर, "घुंगरू कोणीही वाजवेल." ग्रंथपालांनी दोघांना पकडून समोरासमोर उभं केलं आणि खोडरबर हातात दिला. दुसरा मुलगा रझाक शिकलगार. पुढे नाना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागले, रझाककाका एसटीत कंडक्टर झाले, दोघांची लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी भांडण खोडलं गेलं नाही. हरेल त्याने दुसऱ्याला तासगावहून सांगलीपर्यंत सायकलवर डबलसीट आणायचं, अशी पैज होती. दोघांचे गुडघे गेले तरी पैज मागे घेतली नव्हती.

कंपनी जुनी पुस्तकं पाटीवर आणायला लागली तेव्हा मी हे नाव सुचवलं. बेळगावच्या एका घरात अख्खी प्रत निघाली. मी पळत नानांकडे गेले. ते आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे.

"सांगू नकोस," त्यांनी आधी हात वर केला. "एक अक्षर सांगू नकोस. मी वाचेन."

"पाटीवर वाचावं लागेल, नाना. ती प्रत त्यांनी परत नेली."

"मग नको."

"अहो, एवढं काय आहे पाटीत?"

"शलू, कागदाचं पान हरवलं ना, तर ते हरवलंय एवढं तरी कळतं. दोरा दिसतो. हिच्यात काय हरवलंय ते कुणाला दिसतं?"

खिळ्यांचं मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. पाटीला ते हात लावणार नाहीत. केतू मोठ्याने वाचेल. "म्हणजे ते केतूबाईंचं वाचन झालं. यंत्राचा संबंध नाही."

यंत्राचा संबंध नाही, हे ऐकून मी हसले होते.

मी एकेक प्रकरण ठोकायचे, ते तपासणीची प्रत म्हणून केतूच्या पाटीवर यायचं, आणि संध्याकाळी ती नानांच्या खाटेवर मांडी घालून वाचायची. मी मनापासून खिळे मारत होते. नानांना मूळ पुस्तकच मिळायला हवं होतं. मधल्या प्रकरणात ओढ्याला पूर येतो तिथे केतूचा आवाज कापायचा, पण पाटीला काही करता यायचं नाही. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. "वाच, वाच. पूर आपल्या खाटेपर्यंत येत नाही."

"नाना, तुमच्या लहानपणी हे पुस्तक होतं, मग तुम्ही हरकारा बघितलाय?"

"मी एवढा म्हातारा वाटतो तुला?"

"हो."

"शहाणी आहेस," नाना म्हणायचे. "आईवर गेली नाहीस."

ऑफिसचा एक नियम आहे. प्रत्येक प्रकरणाला मुदत असते, मुदत संपली की ते आपोआप पुढे जातं, खिळे असोत वा नसोत. वाटी पडली त्या दिवशी शेवटच्या प्रकरणाची मुदत संपत होती. शेव आवरून, केतूला दूध देऊन मी परत बसणारच होते. तेवढ्यात नानांच्या शेजारच्या कांबळेबाईंचा फोन आला. नाना जिन्यात बसलेत, छातीवर हात आहे, घाम फुटलाय.

*

मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. बायपास करावी लागेल, म्हणाले. डॉक्टर तरुण होते, माझ्याशी बाहेर येऊन बोलले. "तोपर्यंत त्यांना शांत ठेवा. कसलाही ताण नको."

हर्षद, माझा नवरा, बंगळुरूहून निघाला होता. सासूबाई घर बघत होत्या. मी नानांच्या खाटेशी बसून होते आणि ऑफिस, मुदत, प्रकरण, यातलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. ते डोक्यात आलं तेव्हा केतू पाटी उघडून खुर्चीत बसली होती.

"आजोबांना भेटायला आणलं तर हिने हे पण आणलं," सासूबाई म्हणाल्या. "ऐकेना."

"मीच सांगितलं होतं फोनवर," नाना म्हणाले. त्यांच्या नाकाशी नळी होती, त्यामुळे आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. "आतमध्ये चिरफाडीला जायचं, तर तो 'आणि' संपवून जातो. हयातभर तिथं उभा आहे मी. वाचा केतूबाई."

केतूने वाचायला सुरुवात केली. खिंड, पाऊस, कंदिलाची काच पुसणारा किसन्या. मी पाणी ओतत होते. आणि मग मला दिसलं. पान उलटताना पडदा किंचित दबकला, जसा झोपेत कूस बदलताना माणसाचा श्वास दबकतो. दुसऱ्या कुणाला ते कळत नाही. आम्हाला कळतं. पाटी पुढची वाक्यं बदलत होती.

मला माहीत होतं पुढे काय आहे. मी ते बेळगावच्या प्रतीत वाचलं होतं. "कंदिलाच्या उजेडात भाला आला तो बापाचा, हात मात्र परका होता." दुसरा हरकारा. तो सांगतो, तुझा बाप ओढ्यात राहिला, पेटी मात्र त्याने माझ्या हातात दिली. किसन्या रडायच्या आधी विचारतो, औषध कोरडं आहे का? आणि मग वाट माहीत नसलेल्या त्या माणसापुढे कंदील धरून खिंड उतरायला लागतो.

"किसन्याने कंदील उंच धरला आणि," केतूने वाचलं. तिचा आवाज चिरकला. ती नानांकडे बघत होती, नानांच्या नळीकडे.

तेव्हा मी म्हणू शकले असते, थांब केतू, हे उद्या वाचू. पाण्याचा ग्लास मुद्दाम पाडू शकले असते. आईला असं काहीबाही करता येतं.

केतूने वाचलं, "आणि कंदिलाच्या उजेडात भाला आला, भाल्यामागून बापाचा भिजलेला, दमलेला, हसरा चेहरा आला. 'झोपला नाहीस अजून?' बाप म्हणाला."

हे वाक्य जगात कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एका आठ वर्षांच्या मुलीची नाडी जोरात चालली म्हणून ते त्या क्षणी तयार झालं होतं. आणि ते चांगलं होतं. वाईट असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

नाना छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझे वडील तिसऱ्या पाळीवरून यायचे. मी जागा असलो तर दारातनं हेच विचारायचे. हेच शब्द." त्यांनी चादरीच्या टोकाने डोळे पुसले. "परत वाचा केतूबाई. तेवढंच परत वाचा."

एकदा बदललेलं वाक्य पाटी त्या मुलापुरतं तसंच ठेवते, नाहीतर मूल गोंधळेल. केतूने परत वाचलं. बाप परत आला.

मग नानांनी माझ्याच फोनवरून रझाककाकांना फोन लावायला लावला.

"रझाक्या, सायकलला हवा भरून ठेव."

"का रं? डिस्चार्ज दिला?"

"बाप आला."

"खोटं बोलतोस. भूल दिलीय तुला."

"नातीनं वाचलं. साक्षीला विहीणबाई आहेत. 'झोपला नाहीस अजून' असं म्हणत आला."

"माझा नाही विश्वास. मी स्वतः ऐकणार."

"ऐक की. येताना सायकल घेऊन ये. आणि डबलसीटला उशी बांध, मला टाके असतील."

ते हसले तसं छातीत दुखलं, नर्सने येऊन फोन काढून घेतला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तुम्हाला तरी कळायला हवं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवून गेले. सांगायचं. थोडं हसत, थोडं माफी मागत. नानांना बाप परत येण्याचं नव्हे, शेवटाचं वेड होतं. तो जसा असेल तसा त्यांना हवा होता. म्हणून तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं होतं. मी स्वतःला हे रिक्षात सगळ्या वाटेने सांगत गेले.

"नाना, त्या शेवटाबद्दल जरा..."

"हां," ते म्हणाले. न्हाव्याने नुकतीच त्यांची छाती भादरली होती, त्यामुळे ते लहान मुलासारखे दिसत होते. "मला तुला तेच म्हणायचं होतं. तुला आधीपासून माहीत होता ना?"

"हो, पण..."

"आणि तू एवढे दिवस तोंड मिटून बसलीस. लहानपणी वाढदिवसाची भेट दोन तास लपवता यायची नाही तुला. काल मी तुझ्याकडेच बघत होतो. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीस. शाब्बास."

मी म्हटलं, "आपण ऑपरेशन झाल्यावर बोलू."

"बोलू की. कुठं पळतोय."

डॉक्टरांनी ताण नको म्हटलं होतं, हे खरं आहे. ते मी अजूनही पुढे करते. पण मी गप्प बसले ते त्यासाठी नाही. शाब्बास ऐकल्यावर मला ते परत द्यायचं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं, असं सांगितलं गेलं. त्यानंतर मूत्रपिंडं थकली, मग बाकीचं एकेक थकत गेलं. नाना शुद्धीवर आले ते थोडा वेळच. मला त्यांनी ओळखलं, केतूचं नाव घेतलं, पाणी मागितलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तोंडाला कोरड पडलेल्या माणसाच्या ओठांना ओला कापूस लावत मी त्याला काय सांगणार होते? तुमचा बाप ओढ्यात राहिला?

*

दिवसकार्य उरकलं. हर्षद परत गेला. केतू शाळेत जायला लागली. एका दुपारी मी लॅपटॉप उघडला आणि ते प्रकरण काढलं. सुटलेल्या प्रकरणात नंतर खिळे मारता येतात, कारण द्यावं लागतं. कारणाच्या चौकटीत मी लिहिलं, "माझ्याकडून राहिलं होतं." मग पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. सहसा आम्ही निवडून मारतो, एखादं वाक्य महत्त्वाचं, एखादं सोडून देण्यासारखं. मी एकही सोडलं नाही. पाऊस, काच, कंदील, भाला, परका हात. अख्खं प्रकरण ठोकून काढलं. वरिष्ठांनी विचारलं तर भांडायची तयारी ठेवली होती. कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. गार भात कालवून उभ्यानेच खाल्ला. निदान यापुढे जो कोणी वाचेल त्याला खरं पुस्तक मिळेल, एवढं तरी मी केलं, असं वाटत होतं.

इतकी वर्षं मी हे काम करते. खिळा मारला की तो सगळ्या पाट्यांवर पोहोचतो आणि आधी बदललेलं वाक्यही परत मूळचं होतं, हे नवीन येणाऱ्या मुलींना मीच शिकवते. त्या सगळ्यांत माझ्या मुलीची पाटी येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रझाककाका आले ते पुढच्या आठवड्यात. नाना गेले त्या दिवशी ते स्मशानापर्यंत आले होते, पण घरी आले नव्हते. आता तासगावच्या बेदाण्यांची पिशवी घेऊन दारात उभे होते. बूट काढायला त्यांना वेळ लागला.

"सायकल आणली नाही," ते म्हणाले. "कुणाला बसवू?"

मी त्यांना खुर्ची दिली. केतू लगेच त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. नाना गेल्यापासून ती म्हाताऱ्या माणसांच्या जवळ जाऊन उभी राहते.

"तू वाचलंस म्हणे आजोबांना."

"हो."

"मग मला पण वाच की. त्यानं फोनवर सांगितलं, पण जयाला, तुझ्या नानाला, गोष्ट सांगता यायची नाही कधी. शेवट आधी सांगायचा आणि मग हसत बसायचा." त्यांनी बेदाण्याची पिशवी तिच्या हातात दिली. "पैज मी हरलो ते मान्य. पण ऐकल्याशिवाय मी तिकीट फाडत नाही."

केतू खुद्कन हसली. घरात बऱ्याच दिवसांनी तसा आवाज झाला. तिने आतून पाटी आणली. मी चहाला आधण ठेवलं, साखर टाकली, आलं किसायला घेतलं. बाहेरून तिचा आवाज येत होता. ती आता हे प्रकरण पाठ असल्यासारखं वाचत होती, कुठे थांबायचं, कुठे हळू व्हायचं. किसन्याने काच पुसली. घुंगरू वाजले. "किसन्याने कंदील उंच धरला आणि," तिने वाचलं, आणि काकांना उत्सुकता लागावी म्हणून मुद्दाम थांबली.

मग पान उलटलं.

ती थांबली ती थांबलीच. तेव्हा मला कळलं. किसणी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

"एक मिनिट हं काका." बोट पडद्यावर मागे गेलं, पुढे आलं, परत मागे गेलं. "आई, माझं पान हरवलंय."

मी बाहेर आले.

"हरवलं तर हरवलं," रझाककाका म्हणाले. "त्या पुस्तकाला ती सवयच आहे. जे आहे ते वाच."

"केतू, राहू दे बाळा," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि वाचायला लागली. भाला बापाचा, हात परका. तिचा आवाज कापत होता, अंगठा पडद्याच्या कडेवर घट्ट दाबलेला होता, बाहुल्या मोठ्या झालेल्या मला इथून दिसत होत्या. पाटी सगळं बघत होती आणि तिला एक अक्षर हलवता येत नव्हतं. मीच तशी सोय केली होती. केतू न रडता शेवटपर्यंत गेली. किसन्या कंदील धरून खिंड उतरला, गावात दिवे लागले, औषध कोरडं निघालं.

रझाककाकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी जिंकलो," ते म्हणाले. "मी आपला नुसतं 'मेला' म्हणत होतो इतकी वर्षं. पुढं असं असेल हे माझ्या पण मनात आलं नाही. पोरगं रडत बसत नाही. कंदील घेऊन पुढं निघतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, जयाला हा शेवट लई आवडला असता."

मी मान हलवली. चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता.

"काका, पण मी असं नव्हतं वाचलं," केतू म्हणाली. "मी नानांना चुकीचं वाचलं?"

मी तिच्यासमोर खाली बसले. "नाही. तू जे समोर होतं तेच वाचलंस. पाटीने ते बदललं होतं."

"का?"

"तुला रडू येत होतं ना, म्हणून."

"मग रडले असते."

तिने बेदाण्याची पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली.

"तुला माहीत होतं? मी वाचत होते तेव्हा?"

"हो."

"आणि नानांना?"

"नाही."

रझाककाका उठले, आत गेले, गॅस बंद केल्याचा आवाज आला. ते लगेच बाहेर आले नाहीत. केतू पाटीवरच्या त्या वाक्याकडे बघत होती. पुसलं जातं का बघावं तसं तिने त्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून मला विचारलं,

"मग आता नानांना कोण सांगणार?"